पहिल्या हाकेची ओ

१

कोसमटोल्यात मोबाइलला रेंज येते ती गुणाबाईंच्या घरात, तीही फक्त मागल्या पडवीत. त्या पडवीची परसाकडची बाजू म्हणजे भिंत नव्हेच. जमिनीपासून वाशांपर्यंत बांबूची ताटी बांधलेली होती, आणि तिच्या एका फटीत फोन खोचून ठेवला की धानोऱ्याच्या टॉवरची दया व्हायची. म्हणून दिव्यानीचं सगळं ऑफिस त्या ताटीला टेकून थाटलेलं होतं. एक प्लास्टिकची खुर्ची, पाठीला उशी, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप. ताटीपलीकडे परसात मोहफुलं वाळत पडलेली असत. एप्रिल चालू होता. सकाळी पिवळीधमक असलेली फुलं दुपारपर्यंत तांबूस होत आणि त्यांचा तो गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास घरभर कोंडून राही.

दिव्यानीला सातवा लागला होता. गेल्या खेपेला पाचव्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे या खेपेला सासूने तिला उंबऱ्याच्या आत बसवलं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जंगलाचं तर नावच नाही. नवरा प्रफुल भद्रावतीला कारखान्यात, पंधरवड्याने यायचा. दिव्यानी चंद्रपुरात वाढलेली, कॉम्प्युटर शिकलेली; नुसतं बसून राहणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने आजूबाजूच्या चार टोल्यांतल्या, म्हणजे वाड्यांतल्या, बायकांच्या गटांना चार साइट करून दिल्या. कुणाचे मोहाचे लाडू, कुणाचा मध, कुणाची चारोळी, कुणाच्या टोपल्या. प्रत्येक साइट एकेकीच्या नावावर: सासू गुणाबाई, बुधरी, रंजीता आणि मनकर्णा.

साइट झाल्या, फोटो झकास आले, आणि सगळं मुसळ केरात गेलं. कारण कुणीही साइट उघडली की वरच्या कोपऱ्यात अक्षरं येत, 'सुरक्षित नाही'. पुण्याच्या एका बाईंनी तर विचारलंच, हे फसवणुकीचं प्रकरण तर नाही ना? ते वाचून दाखवल्यावर बुधरीचा चेहरा उतरला. जिने जन्मात कुणाची काडी उचलली नाही, तिच्या नावापुढे हे असं लिहिलेलं.

होस्टिंगचं काम नागपुरातला आदेश नावाचा एक पोरगा बघायचा. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, चारही साइट एकाच सर्व्हरवर हायेत ना, मग एकच शेअर्ड सर्टिफिकेट टाकू. एका प्रमाणपत्रात चौघी. कुलपाचं चिन्ह चारही ठिकाणी येऊन जाईल."

"काय करावं लागेल मला?"

"काही नाई. जिच्या नावावर साइट हाये ती खरंच हाये का, एवढी खातरजमा होते. विचारतील, तुम्ही हो म्हणून टाका. चौघींचं एकीनंच केलं तरी चालते."

मागे कुणीतरी त्याला हाक मारली आणि कोण विचारणार, कसं विचारणार, हे सांगायच्या आत त्याने फोन ठेवला.

२

गुणाबाई दुपारी टोपलीभर मोह घेऊन आल्या आणि परसात पसरायला बसल्या. दिव्यानीने ताटीच्या आतूनच विषय काढला.

"आत्याबाई, उद्या फोन येईल बहुतेक. तुमचं नाव घेतील. तुम्ही नुसतं हो म्हणायचं."

"कितीदा घेतीन नाव?"

"कितीदा म्हणजे? एकदा."

"मंग मी नाई म्हनत हो." गुणाबाईंचा हात फुलांवर चालूच होता. "पहिल्या हाकेले ओ देत नसते, पोरी. दुसऱ्याले बी नाई. तिसरी आली तं समजाचं, मानूस हाये."

"आणि नसला तर?"

"ते दोनदाच बोलावते. तिसऱ्यांदा त्याले जमत नाई."

ते म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि दिव्यानीने विचारलं नाही. तिला हे नवीन नव्हतं. मोह वेचायला गेलेल्या बायका एकमेकींना नावाने कधीच बोलावत नाहीत, नुसतं 'कूऽऽ' करतात आणि पलीकडून 'कूऽऽ' येतं. नाव जंगलात सोडायचं नसतं. लग्न होऊन आली तेव्हा दिव्यानीला याचं हसू यायचं. आता हसू नव्हतं, नुसता वैताग होता. यंत्र काय तीनदा हाका मारत बसणार आहे? चौघीही गप्प राहतील, खातरजमा होणार नाही आणि ती अक्षरं बायकांच्या नावावर तशीच चिकटून राहतील.

तिने मनात ठरवून टाकलं. चौघींच्या वतीने आपणच हो म्हणायचं. आदेश बोललाच होता, चालते म्हणून.

३

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली चढली होती. बायका अजून जंगलात होत्या. टोल्यावर माणूस दिसत नव्हता, कोंबड्यासुद्धा कुठेतरी सावलीला जाऊन बसल्या होत्या. दिव्यानी भाताची पेज पीत होती, तेवढ्यात फोन वाजला.

बाईचा आवाज होता. शुद्ध, सपाट, बँकेच्या यंत्रात असतो तसा.

"नमस्कार. आपल्या संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या खातरजमेसाठी हा फोन आहे. गुणाबाई. आपण आहात का?"

"हो, मीच," दिव्यानी म्हणाली.

खट्‌ आवाज होऊन फोन बंद झाला. तिला हसू आलं. एरवी सुनेची सासू व्हायला पंचवीस वर्षं लागतात, इथे एका शब्दात काम झालं.

तिने पेजेचा घोट घेतला नाही तोच पुन्हा वाजला. "खातरजमेसाठी. बुधरी. आहात का?"

"हो, मीच."

या वेळी आवाजाच्या मागे काहीतरी चुरचुरत होतं. वाळल्या सागाच्या पानांवरून कुणी चालावं तसं. लाइन खराब आहे, तिने मनाशी म्हटलं.

तिसरा फोन. "रंजीता आहे का?"

"हो." पेज निवत चालली होती आणि तिला हे आटपायचं होतं.

चौथ्याला नमस्कार नाही, विचारणं नाही. नुसतं नाव, आणि तेही लांबवलेलं. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला ऐकू जावं असं. "मनकर्णाऽऽ"

"हो, हो."

फोन फटीत परत खोचायला तिने हात वर नेला, तो पुन्हा वाजला. हाताने आपोआप उचलला, कानाने आपोआप ऐकलं.

"चारुलीऽऽ"

"हो, इथेच आहे," दिव्यानी म्हणाली.

खट्‌.

पेजेचा वाडगा तिच्या मांडीवर तसाच राहिला. चार म्हणजे चारच साइट होत्या. चारुली नावाची बाई कोसमटोल्यात नव्हती, पलीकडच्या टोल्यात नव्हती, तिच्या माहेरी नव्हती. ते नाव जगात फक्त एकाच ठिकाणी होतं. थंडीत एकदा परसामागच्या चारोळीच्या झाडाखाली उन्हाला बसली असताना ते तिच्या मनात आलं होतं. मुलगी झाली तर, असं. तिने ते प्रफुलला सांगितलं नव्हतं, कागदावर लिहिलं नव्हतं, एकटी असतानाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. गेल्या खेपेला घाईघाईने नाव ठरवलं होतं आणि मग त्या नावाचं काय करायचं हे कुणालाच कळलं नव्हतं, म्हणून या खेपेला तिने ते पार आत दडवून ठेवलं होतं.

पोटात लाथ बसली. एकच, नेमकी.

४

बायका परत आल्या त्या नेहमीसारख्या बोलत आल्या नाहीत. टोपल्या उतरवून सगळ्या गुणाबाईंच्या अंगणात टेकल्या. बुधरी बराच वेळ पदराने वारा घेत राहिली आणि मग म्हणाली, "आज मले कोनीतरी हाक मारली वो. नाव घेऊन. नाल्याच्या तिकडून."

"मलेही," रंजीता म्हणाली. "म्या नाई देली ओ."

"कोन देते? मी बी नाई देली. पन दुसरी हाक आलीच नाई." बुधरीने मान हलवली. "हाक मारनाऱ्याले ओ भेटून गेल्यावानी चूप झालं सारं. पाखरू बी नाई."

दिव्यानी दारात उभी होती. तिने चौकट धरली. ऊन लागलं असेल यांना, ती स्वतःला सांगू लागली. उपाशीपोटी पहाटेपासून वाकून फुलं वेचायची म्हणजे कानात आवाज येणारच. एकीने म्हटलं की दुसरीलाही आठवतं. हे सगळं बरोबर होतं, आणि त्यातलं काहीही तिला पटत नव्हतं.

बायका गेल्यावर गुणाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "फोन आल्ता?"

"आला होता."

"अन् ओ तू देली. चौघींच्या वाटची."

दिव्यानीने मान हलवली. गुणाबाई रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला आणि विचारलं, "चौघींचीच ना?"

"नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"पाचवं नाव कोनाचं?"

ते मात्र तिला सांगता येईना. सांगायचं म्हणजे ते नाव मोठ्याने उच्चारायचं, आणि ताटीच्या फटी तर उघड्या होत्या. तिने नुसता पोटावर हात ठेवला. गुणाबाईंना बाकीचं कळलं.

५

आदेशला तिने फोन केला तो धाडस करूनच.

"फोन?" तो म्हणाला. "आमी फोन नाई करत मॅडम. मेल येते. त्यातल्या लिंकवर दाबलं की झालं. तुमी दाबलंच नाई अजून, म्हणून तं अडकून राह्यलं."

तिने मेल उघडला. साधा, कोरडा मेल, कालपासून येऊन पडलेला. तिने लिंकवर दाबलं. थोड्या वेळाने चारही साइटवरची ती अक्षरं गेली आणि तिथे इवलंसं कुलूप आलं. इतकं सोपं होतं. ज्याच्यासाठी ती त्या पाच हाकांना हो म्हणाली, ते या एका बोटाचं काम होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की लॅपटॉप परसात भिरकावून द्यावा.

प्रफुल रात्री बोलताना हसला. "फ्रॉडवाले असतीन. हल्ली हो म्हनायले लावतात अन् आवाज रेकॉर्ड करून घेतात. खात्यात काई नाईच आपल्या, घेऊ दे. शनिवारी येतोच मी."

हे तिला आवडलं. चोर चालेल. चोर म्हणजे माणूस, त्याला पोलीस असतात, त्याला पैसे हवे असतात. रात्रभर तिने त्या चोराला मनात घट्ट धरून ठेवलं. पण कुठला चोर माणसाच्या मनात शिरून नाव काढून आणतो? शेंडा ना बुडखा, अशा विचाराशी येऊन ती पुन्हा पुन्हा थांबायची.

मग तिला सुचलं, नाव बदलून टाकू. ते नाव टाकून द्यायचं, दुसरं घ्यायचं. ज्या नावाला ओ दिली ते नाव कुणाचंच नसलं तर काय होणार आहे? सकाळी ती पडवीत बसून एकेक नाव मनात घेऊ लागली. रेवती. पोटात काही नाही. समीक्षा. काही नाही. मैत्रेयी. काही नाही. मग, नको नको म्हणताना, जीभही न हलवता, ते नाव मनात आलं.

लाथ बसली. एकच.

जेवल्यावर बाळ हलतंच, गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण ती अजून जेवलेली नव्हती.

६

गुणाबाईंनी त्या दिवसापासून जंगल बंद केलं. ऐन मोहाच्या दिवसांत झाडाखाली फुलांचा सडा पडून सडत होता, आणि त्या सुनेपाशी बसून होत्या. त्यांनी फोन बंद करून तांदळाच्या कणगीत खुपसला. बोराटीची एक काटेरी फांदी आणून परसाच्या दारात आडवी टाकली. यापलीकडे त्यांनी काही केलं नाही, आणि काही समजावूनही सांगितलं नाही.

"मी हाये ना," एवढंच त्या म्हणायच्या.

"आत्याबाई, एक हाक झाली. ओ गेली. आता?"

"आता दुसरी येईन. तिले ओ गेली नाई पाह्यजे. तोंड दाबून धरजो, पदर कोंबजो, पन देजो नोको." मग थोडं थांबून, "पहिली तूच देली, पोराची नोहे. ज्याचं नाव त्यानं कुठी देली अजून?"

दिव्यानीला त्यात एवढा मोठा आधार वाटला की ती त्या रात्री झोपली. खरंच होतं. तिने दिली होती, लेकराने नाही. चौघींच्या वतीने दिली, त्या चौघी सुखरूप आहेत. हीही सुखरूप राहील. आपलं तोंड आपल्याच ताब्यात आहे.

७

शुक्रवारी घरातलं पाणी संपलं. बोरिंग तीन घरं टाकून होतं. गुणाबाई घागर घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आलीच. भरली का आली."

"जा ना. दिवसाढवळ्या काय होतंय?"

दिव्यानी खुर्चीवर बसली. दुपार तापली होती. परसात फुलं तशीच पसरलेली, आता अगदी सुकून काळपट झालेली. बोरिंगचा दांडा करकरायला लागला, तो आवाज तिला बरा वाटत होता. कर्र, खळ्ळ. कर्र, खळ्ळ. तोवर आत्याबाई तिथेच आहेत, हाकेच्या अंतरावर. हा शब्द मनात आला आणि तिने तो घाईने झटकला.

मग परसात पानं चुरचुरली.

परसात पानं नव्हतीच. झाडून काढलेल्या सारवलेल्या जमिनीवर नुसती फुलं होती. तरीही चुरचुर झाली, ताटीच्या त्या टोकाला, आणि थांबली. कोंबडी असेल. पण दारात बोराटी आडवी होती आणि कोंबड्या त्या दिवसापासून परसात फिरकल्या नव्हत्या.

ताटीतून उन्हाच्या बारीक रेघा आत पडवीत पडलेल्या होत्या, जमिनीपासून वाशांपर्यंत. त्यातल्या काही रेघा विझल्या. एकाच जागी. माणूस उभा राहिला असता तर वरपासून खालपर्यंत विझल्या असत्या. या फक्त मधल्याच विझल्या, हात-दीड हाताचा तुकडा. वर ऊन होतं आणि खालीही ऊन होतं.

दिव्यानी हळूच उठली. ती भिंत धरून एक पाऊल डावीकडे सरकली. तो अंधाराचा तुकडाही डावीकडे सरकला. ती थांबली तसा थांबला. आणि मग तिच्या लक्षात आलं, तो बरोबर तिच्या पोटाच्या उंचीला होता. पलीकडून कुणीतरी ताटीला कान लावून ऐकत होतं.

तिने पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला, घशाला लागेपर्यंत. वरून दोन्ही तळहात दाबले. श्वास नाकातून, तोही हळू.

"चारुलीऽऽ"

फोनमधला आवाज नव्हता तो. बाईचा होता, पण सपाट नव्हता. लाडाचा होता. नातवंडाला उन्हातून घरात बोलवावं तसा.

दिव्यानीने दातांनी पदर चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून चकार शब्द निघाला नाही. मनातसुद्धा ती हो म्हणाली नाही. नाही, नाही, नाही, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

पोटात लाथ बसली. एकच.

मग शांत. ताटीतल्या रेघा एकेक करून पुन्हा पेटल्या. परसात ऊन होतं, फुलं होती, बाकी काही नव्हतं. ती तिसऱ्या हाकेची वाट पाहू लागली. आयुष्यात कुठल्याच गोष्टीची तिने इतक्या आशेने वाट पाहिली नसेल. तिसरी आली तर ते माणूस आहे. गावातली कुणीतरी वेडी म्हातारी आहे, चोर आहे, कुणीही आहे, पण माणूस आहे. देवा, एकदाच. एकदा मार ग हाक.

तिसरी हाक आली नाही.

बोरिंगचा आवाज केव्हाच थांबला होता. पुढच्या अंगणात धावत येणारी पावलं वाजली, घागर खाली आपटली आणि गुणाबाई पडवीच्या दारात आल्या. त्यांचं लुगडं पाण्याने भिजलं होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या तोंडात कोंबलेल्या पदराकडे पाहिलं आणि दारातच थिजून उभ्या राहिल्या.

"तू तोंड दाबून होती?" त्यांनी विचारलं. "सारा वेळ?"

दिव्यानीने मान हलवली.

"मंग ओ कोनं देली वो? बोरिंगपर्यंत आयकू आली मले." गुणाबाईंचा आवाज बारीक होत गेला. "लहान लेकराची होती."

दिव्यानीने तोंडातला पदर काढला नाही. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि मनात ते नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं, आणि लाथेची वाट पाहत उभी राहिली.